पुष्पीकडे दिलेलं काम

"लेकराच्या हातात खोटं काम देऊ नका, बायांनो. खोटं काम त्याला कळतं."

हा आवाज प्रेमिलाच्या कानात सात वर्षांपासून होता. बालवाडीच्या प्रशिक्षणात, मे महिन्याच्या धगीत, टिनाच्या छताखाली एक म्हाताऱ्या बाई पदरानं वारा घेत घेत सांगत होत्या. "रिकाम्या भांड्यात रिकामी पळी फिरवायला लावाल, तर लेकरू दोन दिवस फिरवेल आणि तिसऱ्या दिवशी फेकून देईल. खरं पाणी भरू द्या. सांडलं तर त्यालाच पुसू द्या. काम दिलं की ते त्याचं झालं." मागच्या ओळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. ज्याला नाक पुसता येत नाही, ते पोट्टं काय जबाबदारी घेईल! प्रेमिला हसली नव्हती. तिनं मनाशी खूणगाठ बांधली होती.

आता चौऱ्याहत्तर साल होतं. इतवारीच्या पलीकडे, रेल्वेच्या छोट्या लाईनीलगतच्या वस्तीत, विहाराला लागून असलेल्या एका खोलीत तिची बालवाडी भरत होती. तेवीस लेकरं आणि प्रत्येकाला एक काम. कवडूकडे माठ, कोणाकडे चटया, कोणाकडे सदाफुलीच्या झाडांना पाणी. आणि साडेचार वर्षांच्या पुष्पलताकडे, म्हणजे वस्तीच्या पुष्पीकडे, हजेरी.

भिंतीवर तेवीस खिळे होते, खिळ्यांना तेवीस पुठ्ठे. एका अंगाला चित्र, कोणाची चिमणी, कोणाचा घडा, कोणाची पतंग. दुसरं अंग कोरं. आलं की लेकरानं आपलं चित्र उघडं करायचं. मग पुष्पीनं भिंतीपुढे उभं राहून कोरे राहिलेले पुठ्ठे शोधायचे, आणि साऱ्यांनी टाळ्या वाजवत म्हणायचं. गाणं प्रेमिलानं स्वतःच जुळवलं होतं, आईच्या जात्यावरच्या चालीत.

कोन आलं, कोन राहिलं,
कोनं कोनाचं घर पाहिलं?
राहिलं त्याले आनू चला,
हात त्याचा धरू चला.

म्हणायला गोड होतं. पण कोणी कोणाला आणायला जात नसे. टाळ्या झाल्या की गाणं संपे आणि सारे गोष्टीला बसत.

त्या दिवशी जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत लोंबत होत्या. नऊच वाजले होते तरी उन्हाला धार आली होती. प्रेमिला घाईत होती. तिच्या घरातलं रॉकेल काल सरलं होतं, आणि दुकानात आज रॉकेल येणार म्हणून पहाटेपासून डबे लागले होते. तिनं बालवाडीची मदतनीस प्रयागबाई हिला दाराजवळून उठवलं. "मावशी, माह्या घरचा डबा घेऊन लाइनीत उभ्या राहता काय जराशा? मी पाहतो इकडे."

प्रयागबाईनं गुडघ्यावर हात टेकून उठता उठता दाराकडे पाहिलं. "अन् दार वं?"

"मी आहो ना."

म्हातारी गेली. प्रेमिला परातीतली सुकडी वाट्यांत भरू लागली. पाठीमागून कोणीतरी तिचा पदर ओढला.

"बाई, आज बी वशा नाई आला. चार दिवस झाले. मी आनू काय त्याले?"

वसंत राहायचा रुळांच्या पलीकडे. प्रेमिलाचं लक्ष वाट्यांत होतं. सुकडी पुरेल की नाही याची चिंता होती. "हाव, हाव," ती म्हणाली, "तूच आन." लेकराशी आपण कितीदा असंच बोलतो, मान न वळवता, हुंकार भरावा तसं.

वाट्या वाटून झाल्या. एक वाटी उरली.

प्रेमिलानं मोजलं. पुन्हा मोजलं. वसंताची वाटी तिनं भरलीच नव्हती. मग ही कोणाची? तिची नजर लेकरांवरून फिरत गेली आणि भिंतीशी थांबली. भिंतीपुढे कोणी नव्हतं. दार सताड उघडं होतं, आणि दारातून ऊन आत येऊन बसलं होतं.

"पुष्पी कुठी आहे?"

"वशाले आनाले गेली," कवडू घास गिळत म्हणाला. "तुमीच तं म्हनलं."

प्रेमिलानं हातातली वाटी खाली ठेवली. ती मोरीमागे पाहून आली, सदाफुलीच्या आळ्याशी पाहून आली, गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेली आणि धावत परत आली. एकवीस लेकरांना टाकून जायचं कसं? तेवढ्यात प्रयागबाई डबा घेऊन येताना दिसली. तिला काय झालं ते विचारायला सुचायच्या आतच प्रेमिला म्हणाली, "मावशी, यांच्याजवळ बसा. दार लावा," आणि पळत सुटली.

अशी वाट तिनं कधी पाहिली नव्हती. रोजचीच गल्ली, पण आज तिच्यात जागोजागी तोंडं उघडी होती. नाल्यावरची फरशी, तिच्या कडेला कठडा नाही. कोणाच्या तरी अंगणातलं उघडं टाकं. सावलीला जीभ काढून पडलेला कुत्रा. एवढ्या साऱ्यांतून ती रोज ये-जा करत होती आणि तिला एकही दिसलं नव्हतं. टाक्यात ती वाकून पाहू लागली तेव्हा पाण्यात स्वतःचंच तोंड दिसलं, आणि ते ओळखायला तिला क्षणभर वेळ लागला.

"ओ भाऊ, लहान पोट्टी पाहिली का? दोन वेण्या, लाल झबलं?"

"पोट्ट्याईची काय कमी आहे बाई इथं? एक मागता का दहा?" सायकलवाला हसत निघून गेला.

आणि मग शिटी वाजली.

छोट्या लाईनीचं इंजिन तसं खेळण्यासारखं. वस्तीतली पोरं त्याच्या शेजारून शर्यत लावून पळत. पण त्या शिटीनं प्रेमिलाचे पाय जागीच रोवले गेले. ती रुळांच्या फाटकाशी पोचली तेव्हा मालगाडी आडवी आली होती. एक डबा, दुसरा डबा, कोळशाचा, लाकडाचा, पुन्हा कोळशाचा. धूर खाली बसत होता. चाकांमधून पलीकडचं ऊन चमके आणि विझे, चमके आणि विझे. ती खाली बसली, वाकली, चाकांच्या फटीतून पाहू लागली. काहीतरी लाल दिसलं. पुन्हा दिसलं नाही. काही दिसू नये असंही वाटत होतं, आणि दिसावं असंही.

गाडी गेली. रूळ रिकामे होते. गिट्टी, राख, दोन कोळसे. तिनं रुळांवरून नजर अशी फिरवली, जशी अंधारात हात फिरवून काही चाचपावं.

वसंताच्या दाराला कुलूप होतं. "ते तं सावनेरले गेले मामाकडे," शेजारीण म्हणाली. "आत्ताच एक चिमुकली बी इचारून गेली. मले म्हने, वशा आला की सांगजा, त्याची पतंग कोरीच आहे. मी म्हटलं, अवं बाप्पा, तू कोनासंगं आली? तं म्हने, कामानं आली."

"कुठी गेली मग ती?"

"गेली ना आल्या वाटेनं."

आल्या वाटेनं! प्रेमिला तर त्याच वाटेनं आली होती. मग मधली वाट पोरीला गिळून बसली की काय? ती वळली आणि धावत धावत पुन्हा फाटकाशी आली. या वेळी तिनं रुळांकडे पाहिलंच नाही. तिची हिंमत झाली नाही. म्हणून तिला फाटकवाल्याच्या खोलीमागचा कडुनिंब दिसला. निंबाखाली, मुळीवर, पुष्पी बसली होती. गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्यासारखी.

"ही तुमची व्हय काय?" फाटकवाला रुपराव कातावला होता. "गाडी आली तवा ही त्या बाजूनं येऊन आपली उभी. मी हाकारलं तं म्हने, मले मालूम आहे, गाडी जाऊ द्यायची. मंग इथं निंबाखाली बसवली, तं गाडी गेली तरी हलेना. म्हने, दुसरी बी येते कधी कधी. माय कुठी मेली हिची?"

पुष्पीनं बाईंकडे पाहिलं. बाईंचे केस सुटलेले, पदर मातीत, तोंड पांढरं. तिचा ओठ हळूच थरथरला. आत्तापर्यंत ती घाबरली नव्हती. आता घाबरली.

त्या दोघी परतल्या तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पुष्पीची आई तुळसाबाई बिडी कारखान्यातून धावत आली होती, नखांत तंबाखू तशीच. महिला मंडळाच्या सिंधूताई छत्री मिटून दारात उभ्या होत्या. बालवाडी त्यांच्या मंडळाची.

तुळसाबाईनं पोरीला ओढलं, छातीशी आवळलं आणि लगेच पाठीत धपाटा घातला. "काहून पळाली वं तू? काहून पळाली?"

"मी नाई पळाली! मी गेली होती!"

"दारावर कोण होतं?" सिंधूताईंनी विचारलं.

रॉकेलचा डबा खोलीच्या मागं, मोरीशी ठेवलेला होता. प्रयागबाईनं एकदा प्रेमिलाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"दारात बसाचं एवढंच तं काम होतं तुह्यं, म्हातारे!" तुळसाबाई रडत ओरडली. "तेवढं बी होत नाई?"

"चुकलं बाप्पा," प्रयागबाई म्हणाली.

"आणि तुम्ही, प्रेमिला?"

प्रेमिलाच्या डोळ्यांपुढे घर आलं. नवऱ्याची मिल महिन्यातले पंधरा दिवस बंद, सासूचा दमा, दोन लेकरं. "मी सुकडी वाटून राहिली होती," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

सिंधूताईंनी प्रयागबाईला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. म्हातारीनं कोपऱ्यातली आपली काठी घेतली, लेकरांच्या डोक्यांवरून हात फिरवत गेली आणि उन्हात निघून गेली.

त्या रात्री प्रेमिलाच्या स्टोव्हमध्ये रॉकेल होतं. स्वयंपाक झाला. तिला घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकरं आली ती मुकाट आली. चटया गुंडाळलेल्याच राहिल्या. सदाफुलीला कोणी पाणी घातलं नाही. प्रेमिलानं कवडूला माठाकडे बोट दाखवलं, तर त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"मी नाई भरत पानी."

"काहून गा?"

"सांडलं तं? प्रयागआजीसारखं मले बी हाकलाल."

दार अर्धं लोटलेलं होतं. खोलीत उकडत होतं. पुष्पी आईचा हात सोडायला तयार नव्हती, म्हणून तुळसाबाई कारखान्याला उशीर करून उंबऱ्यातच उभी होती. नव्या कड्या बसवायला सुताराला घेऊन सिंधूताई आल्या होत्या. शेवटी हात सोडून पोरगी हळूहळू भिंतीपर्यंत गेली. तिनं आपलं चित्र उलटलं नाही. इकडे-तिकडे पाहून ती प्रेमिलाजवळ आली आणि अगदी बारीक आवाजात, चोरीची कबुली द्यावी तशी म्हणाली, "बाई, वशाची पतंग आज बी कोरीच आहे. पन मी कोनाले सांगतलं नाई. मी काई केलं नाई."

एवढंसं लेकरू. काल सकाळपर्यंत तेवीस जणांची काळजी वाहत होतं, आणि आज काही न केल्याचा पुरावा देत होतं.

सुताराची हातोडी वाजत होती. आत्ता गप्प राहिलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. पोरीचं कोण ऐकतं? आणि म्हातारी तर मरेपर्यंत बोलणार नव्हती. दारापर्यंतची पाच पावलं प्रेमिलाला त्या रुळांपेक्षा लांब वाटली.

"थांबवा जरा," ती सुताराला म्हणाली. हातोडी थांबली. सिंधूताई वळल्या. तुळसाबाईनं मान वर केली.

"ताई, प्रयागबाई दारात नव्हत्या, कारन मी त्याईले माह्या घरच्या रॉकेलसाठी लाइनीत धाडलं होतं. दार माह्याकडे होतं." तिनं तुळसाबाईकडे पाहिलं. "अन् तुही पोरगी पळाली नाई, तुळसाबाई. तिनं मले इचारलं होतं. मी तिच्याकडे न पाहताच हाव म्हटलं."