मुंगळ्यांची साक्ष

"तांब्या हिकडं आण," भिमाजी म्हणाला आणि त्यानं सोमाजीचं मनगट धरलं.

भर गुऱ्हाळावर, दिवसाउजेडी, दहा माणसांच्या देखत. मी चरकाचे बैल थांबवले. काहिलीत रस उकळ्या मारत होता आणि सोमाजी, आमचा गूळ उतरवणारा गुळव्या, तांब्या घेऊन कुंपणाकडे निघाला होता. त्या सकाळची ही त्याची पाचवी खेप.

"सोड भिमाजी. जाऊन येतो," सोमाजी म्हणाला.

"जा की. पर तांब्या ठिवून जा."

"तांब्या ठिवून कसा जाऊ? मी कशाला जातोय ते तुला ठावं न्हाई व्हय?"

"त्येच तर ठावं करून घ्यायचंय. सकाळधरनं पाच येळा कुनाला लागती रं? गरवार बाई बी येवढी जात न्हाई."

दोघंतिघं फिदीफिदी हसले. भिमाजीनं तांब्या हिसकून घेतला, आत बोट घातलं आणि चाखलं. मग सगळं मातीत ओतून बघितलं. नुसतं पाणी होतं. पण संशय म्हणजे काय ओतून जाणारी गोष्ट आहे? तो म्हणाला, "ही खेप पान्याची आसंल. आधीच्या चार कशाच्या व्हत्या?"

आता खोटं कशाला बोलू, हे सगळं मी लावून दिलं होतं. म्हणून तर ही हकिगत सांगायचा मान माझा. मी जानकू, निमगाव सावाच्या गुऱ्हाळावर चरकाचे बैल हाकणारा. बैलांमागं दिवसभर गोल गोल फिरताना माणसाला डोळे सगळीकडे फिरवायला रिकामा वेळ मिळतो. माझे डोळे सोमाजीवर होते.

बारा वर्षं सोमाजी आमचा गुळव्या. रस कधी निवळायचा, भेंडीचं पाणी कधी घालायचं, काहील आचेवरून नेमकी कधी उतरवायची, हे त्याच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत नव्हतं. एक घडी चुकली तर गूळ करपतो नाहीतर चिकट राहतो आणि वर्षभराचा ऊस मातीत जातो. म्हणून आमच्याकडे रीत होती. निवायला वाफ्यात ओतलेल्या गुळाचा पहिला खडा देवाला, दुसरा गुळव्याला. गुळव्यानं तो तोंडात घालून "उतरला" म्हटल्याशिवाय मालकसुद्धा गुळाला हात लावत नसे.

तर हा सोमाजी मागच्या दिवाळीपासून वाळत चालला होता. बाराबंदी अंगावर लोंबायची, गालफडं आत गेली होती. भूक मात्र अशी की चार भाकरी खाऊन पाचवीकडे बघायचा. पाणी तर विचारू नका. घागरीला तोंड लावलं की ती हलकी होईपर्यंत काढायचा नाही. इतकं खाऊनपिऊन माणूस वाळतो म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं आम्हाला वाटलं. प्लेगच्या साली महिना महिना माळावर झोपड्यांत काढल्यापासून गावाला तशी सवयच लागली होती. कुणी नुसता खोकला तरी शेजारी दार लावून घ्यायचा.

एक दिवस मी बैलांना पाणी पाजायला कुंपणाकडे गेलो. निरगुडीच्या बुडाशी, सोमाजी बसायचा तिथं, मुंगळ्यांची रांग लागली होती. चांगली दोरखंडासारखी जाड. मुंगळे जातात गुळाच्या वासावर, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मी मनात हिशेब जुळवला. सोमाजी तांब्यातून काकवी नेतो आणि कुंपणात पुरलेल्या मडक्यात ओततो. विहिरीवर भिमाजी भेटला, त्याच्या कानात घातलं. त्या पंधरवड्यात काहिलीत त्याचाच ऊस होता. मला फार शहाण्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

"कुदळ आणा," भिमाजी म्हणाला.

कुंपणाची जागा गुडघाभर खणली. मुळ्या निघाल्या, दगड निघाले, ओली माती निघाली आणि पिसाळलेले मुंगळे निघाले. मडकं काही निघालं नाही. सोमाजी कडेला उभा राहून बघत होता. मधेच म्हणाला, "अजून खोल खणा. पर कुनीतरी मला घोटभर पानी द्या रं." कुणी दिलं नाही. मीही नाही.

तेवढ्यात त्याची बायको ठमाबाई भाकरीची पाटी घेऊन आली. खड्डा बघून तिनं पाटी खाली ठेवली आणि पहिलंच काय विचारलं, तर "घावलं का मडकं?"

सोमाजीनं मान वर केली. "तुला बी तसंच वाटतं?"

"मग काय वाटावं? घरात ढेपंचा तुकडा आणत न्हाईसा. आन धोतर सोडून ठिवलं की त्येला मुंगळे लागत्यात. रोज झटकती मी. हा गूळ कुनाच्या घरी पोचवताय, त्ये तरी सांगा!"

ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. सोमाजी खड्ड्याच्या काठावर खाली बसला आणि मुंगळ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी जुन्नरला हकिमाकडं जातो. माझ्या अंगात कायतरी शिरलंय."

"जा," भिमाजी म्हणाला. "पर जानकूला संगं घे. येऊन तू काय बी सांगशील, आमी कशावरनं खरं मानावं?"

म्हणजे मी त्याचा सोबती नव्हतो, गावानं मागं लावलेला पहारेकरी होतो. पहाटे गाडी जुंपली. वाटेत प्रत्येक ओढ्याला तो पाणी प्यायला उतरला आणि प्रत्येक बाभळीला थांबला. मी प्रत्येक वेळी वाकून बघायचो. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुपारी त्यानं हळूच विचारलं, "जानकू, खरं सांग. भिमाजीनं मला खान्यातनं कायतरी घातलंय का? दिवाळीला त्येच्या घरी पुरनपोळी खाल्ली, तवापासनं ह्ये लागलंय."

"कशाला घालंल?"

"त्येला त्येचा भाचा गुळव्या करायचाय."

मी बैलांना चाबूक दाखवला. भिमाजीला भाचा होता हे खरं होतं. म्हणजे आता माझा त्याच्यावरही संशय बसला.

जुन्नरात कागद बनवणाऱ्या कागद्यांच्या मोहल्ल्यात दस्तगीर हकिमाचं घर. आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते, म्हणून त्यानं ओसरीवर निजायला जागा दिली आणि सकाळी तपासलं. पिकली दाढी, हात थंडगार. सोमाजीची जीभ बघितली, नखं दाबली, तळवे जळजळतात का विचारलं. मग मला म्हणाला, "पावणं, तुमी बी या."

"मला काय झालंय?"

"तुमाला कायबी न्हाई. म्हनूनच या."

घरामागं छपराची दोन कौलं ठेवली होती. एकावर सोमाजीला लघवी करायला लावली, एकावर मला. एवढ्या वयात हकिमासमोर असं बसायची पाळी आली होती, पण काय करता. मग हकीम आम्हाला ओसरीवर घेऊन आला आणि हुक्का ओढत बसला. ऊन चढल्यावर आम्हाला परत मागं नेलं. माझं कौल कोरडं पडलं होतं. सोमाजीच्या कौलावर मुंगळे इतके जमले होते की कौल दिसत नव्हतं.

"बघा," हकीम म्हणाला. "ह्येंचं मूत गोड झालंय. गोड खाल्लेलं अंगाला लागतच न्हाई, तसंच वाहून जातंय. म्हनून भूक, म्हनून तहान. ना कुनी करणी केली, ना कुनी जहर घातलं."

सोमाजीचा चेहरा उजळला. "ऐकलंस न्हवं, जानकू? चोरी न्हाई, करणी न्हाई! हकीमसाहेब, मग कवा बरं वाटंल?"

"बरा व्हत न्हाई हा आजार. सांभाळायचा. परहेज करा. गूळ, साखर, भात, उसाचा रस बंद. ज्वारीची भाकर खा, मेथी खा, कारली खा. गूळ जिभेला बी लावू नका."

सोमाजी हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हकीमसाहेब, मी गुळव्या हाय."

"मग धंदा बदला," हकीम म्हणाला.

"दुसरं कायबी येत न्हाई मला."

हकिमानं जांभळाच्या बिया आणि वाळलेली कारली कुटून केलेली काळपट पूड दिली. रोज सकाळी चिमूटभर घ्यायची. मी ती जिभेला लावून बघितली. दिवसभर तोंड कडू राहिलं. हे मी एवढ्यासाठी सांगतोय, की त्या पुडीत काय आहे हे मला नक्की ठाऊक होतं. पुढचं ऐकताना हे विसरू नका.

परतीच्या वाटेवर सोमाजीची मावसबहीण लंकाबाई हिच्या घरी टेकलो. तिनं रीतीप्रमाणे गूळपाणी पुढं केलं. सोमाजीनं नुसतं पाणी घेतलं.

"का रं दादा? गूळ का नगं?"

"हकिमानं वर्ज केलाय, बाय."

"गुळव्याला गूळ वर्ज? कवा ऐकलंय का कुनी? सरळ सांग ना, माझ्या घरचं खायचं न्हाई म्हनून."

लंकाबाई निरोप द्यायला दारापर्यंतसुद्धा आली नाही.

गावात आल्यावर मी सगळं सांगितलं. कौलाचं, मुंगळ्यांचं, काहीही लपवलं नाही. ठमाबाईनं ऐकलं आणि नवऱ्याच्या पायाशी बसून ढसाढसा रडली. त्या दिवसापासून ती स्वतःच्या हातानं त्याला कारल्याची भाजी करून घालू लागली. बाकीचे पोट धरून हसले. आठ दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. मला वाटलं, चला, चोरीचं बालंट तर गेलं.

पण भिमाजीनं मला चरकापाशी गाठलं. "जानकू, कौलावर मूत बघून आलास, ठीक. पर त्या कनवटीच्या पुडीचं काय? रोज काढतो, इकडंतिकडं बघतो आन कायतरी करतो."

"तोंडात टाकतो. जांभळाच्या बिया हायत्या. चाखल्यात मी."

"तुला चाखायला दिली ती पुडी येगळी आन आताची येगळी नसंल कशावरनं? म्या त्येचा तांब्या धरला, त्येची जागा खणली. माझा ऊस काहिलीत पडल्यावर तो गप बसंल व्हय?"

मी म्हणालो, "कायतरीच." पण चरकामागं फिरताना दिवसभर ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

भिमाजीच्या उसाची शेवटची काहील उतरली तो दिवस मला लख्ख आठवतो. आभाळ निवळ होतं, गार वारा सुटला होता, चिपाडांचा धूर सरळ वर चालला होता. सोमाजीनं आचेवरून काहील उतरवायला लावली ती अगदी वेळेवर. थेंब पाण्यात टाकला, गोळी वळली, दगडावर मारली. टण्ण वाजली. वाफ्यात ओतलेला गूळ केशरासारखा दिसत होता. एक खडा देवाला ठेवला. दुसरा सोमाजीच्या हातात दिला. सगळे गोळा होऊन उभे राहिले.

सोमाजीनं खडा हुंगला, बोटांत दाबला, उन्हात धरला. "उतरला," म्हणाला.

"चाखला कुठं?" भिमाजी म्हणाला.

"गोळी वाजलेली ऐकली न्हाईस? रंग दिसत न्हाई? मला चाखायला मनाई हाय, जानकूनं सांगितलंय."

"ज्येनं केला त्योच खाईना, तर आमी कशाला खावा? आन जुन्नरच्या यापाऱ्याला काय सांगू? पोरांनो, हात लावू नका रं."

माणसं दोन पावलं मागं सरली. तीच माणसं, आठ दिवस हसून हसून दमलेली. भिमाजीनं काहिलीवरच्या मांडवाकडे हात केला. "असा गुळव्या आमाला नगं. उद्यापासनं माझा भाचा काहिलीवर उभा ऱ्हाईल."

सोमाजीनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे वळला आणि खडा माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो माझ्यासंगट आला व्हता. ह्येला समदं ठावं हाय. जानकू, माझ्या वाटचा तू चाख."

किती सोपं होतं ते. खडा तोंडात टाकायचा, चघळायचा, एक शब्द बोलायचा. मी हकिमाच्या घरामागं उभा होतो. पूड माझ्या जिभेला लागली होती. त्याचा तांब्या कुणामुळं धरला गेला, त्याची जागा कुणामुळं खणली गेली, हे मला माहीत होतं. आणि नेमकं तेच त्या क्षणी आठवलं. हे सगळं मी लावून दिलं, हे त्यालाही कळलं असेल आणि ह्या खड्याला त्यानं काही लावलं असेल तर? माझा हात तोंडापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

एवढंच. दोन श्वास असतील, जास्त नाही.

पण सोमाजी माझ्याच तोंडाकडे बघत होता. त्याला कळलं. तो रागावला नाही. त्यानं माझ्या हातातून खडा काढून घेतला, आपल्या तोंडात घातला आणि सगळ्यांना दिसेल असा सावकाश चावून खाल्ला. मांडवाकडून ठमाबाई "अवं, नगा! नगा!" करत पळत आली, तोवर तो गिळून मोकळा झाला होता.

"उतरला," तो म्हणाला. "घ्या. खावा आता."

पोरं धावली. माणसांनी मुठी भरल्या. भिमाजीनं खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाला, "आसा गूळ आजवर झाला न्हाई, सोमाजी." भाच्याचा विषय परत निघाला नाही.

त्यानंतर तीन सुगी सोमाजी काहिलीवर होता. प्रत्येक ढेपेचा खडा त्यानं लोकांसमोर चाखला. चौथ्या सुगीला पायाच्या अंगठ्याला चिपाडाची कूस लागली, ती भरली नाही, पाय काळा पडत वर चढला. तो गेला तेव्हा गावानं मोठं दुःख केलं. भिमाजी तर लहान पोरासारखा रडला. निरगुडीच्या बुडाशी त्या साली एक मुंगळा फिरकला नाही.

मी त्या खड्याच्या दिवसापासून गुळाला शिवलो नाही. मला आजार नाही, पथ्य नाही, फक्त खडा हातात आला की हात तोंडापर्यंत येऊन थांबतो. कुणाच्या घरी गेलो की गूळपाणी पुढं येतं. मी नुसतं पाणी पितो. मग घरची बाई वाटी उचलते, माझ्याकडे जरा रोखून बघते आणि आत जाऊन नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगते.