गुंडाळलेला चिकाचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना चिकाचा पडदा आहे. किनवटच्या रानातला बांबू चिरून गंगम्मा बुरडीणीनं मला विणलं आणि नांदेडच्या पत्र्याच्या नाटकगृहात टांगलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. नाटक बघायला पुरुष पुढं बसत आणि बाया डाव्या अंगाला, माझ्या मागं.

फटींतून मला दोन्हीकडचं दिसे, त्यामुळं माणसांचा जमाखर्च मला पाठ झाला. खुर्च्यांवरचे निम्मे लोक नाटक बघायला नव्हे, तहसीलदारसाहेबांना दिसायला येत. बाया मात्र खरं हसत, खरं रडत.

नाटकं लिहिणाऱ्या चंद्रप्रभाबाईही माझ्याच मागं बसत. स्वतःचं नाटक फटीतून बघत! नाटकांच्या कमाईतून त्यांनी वजिफा सुरू केला, म्हणजे तुमची शिष्यवृत्ती. हैदराबादच्या विद्यापीठात शिकायचं आणि तिथं नाटक करायचं. सगळा खर्च बाईंचा.

वजिफ्यासाठी प्रत्येक पोरानं एक प्रवेश करून दाखवायचा आणि निवड बाईंनी करायची. त्या निवडीच्या दुपारी काय गर्दी उसळली म्हणून सांगू! माझी काडी न् काडी थरथरत होती. नायगावच्या रामकिशनला बापानं बजावलं होतं, "वजिफा मिळाला तर जा. न्हाई तर उद्यापासून औत धर." त्याची माय कस्तुराबाई बाईंच्या शेजारीच बसली होती.

नाटकाची परवानगी साहेबांच्या सहीनं मिळे, म्हणून नट सगळं त्यांच्या खुर्चीकडं तोंड करून बोलत. पहिला उमेदवार श्रीपाद तर असा बोलला, की जणू अर्जच देतोय! मग रामकिशन आला. प्रवेश मायलेकाच्या निरोपाचा. त्यानंही साहेबांच्या झुपकेदार मिशांकडं बघून गहिवरून म्हटलं, "माय, मी निघालो गं!"

माझ्या मागून कस्तुराबाई कडाडली, "आरं ए रामक्या, तुझी माय हिकडं हाय! त्या साहेबाला काय माय म्हणून राहिलास?"

बाया फिदीफिदी हसल्या. खुर्च्यांवरच्या माना साहेबांकडं वळल्या. रामकिशन साहेबांकडं चक्क पाठ करून माझ्याकडं वळला.

"मेलो! आता पुढची परवानगी विसरा," व्यवस्थापक अनंतराव कपाळ पुसत पुटपुटले.

रामकिशन पुन्हा बोलला, या खेपेला मायेला. कस्तुराबाईनं पदर तोंडात धरला.

तेवढ्यात खुर्ची सरकली. तहसीलदारसाहेब ती स्वतः उचलून माझ्या अंगाला आले नि म्हणाले, "इथून चेहरा बरा दिसतो." मग काय विचारता! सगळ्या प्रतिष्ठितांना एकाएकी तिथूनच बरं दिसू लागलं.

चंद्रप्रभाबाईंनी मला स्वतःच्या हातानं वर गुंडाळलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "रामकिशन, हैदराबादची गाडी कधी आहे, ते विचारून ये."

त्यानंतर मला कुणी खाली सोडलं नाही. आता माळ्यावर भुंगे मला पोखरतात. पोखरू द्या. माझी डागडुजी नको. मित्रांनो, एवढंच करा: पुढं कधी कुणासाठी असा पडदा बांधावासा वाटला, तर आधी एक नाटक त्याच्या मागं बसून बघा.