अर्ध्यावरचा काटा

मी एका मालवाहू विमानातला इंधनाचा काटा बोलतोय. माझ्या बोलण्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे मात्र मलाही नीटसं ठरवता येत नाही. अकरा वर्षं मी अर्ध्यावर अडकलोय. टाकी भरा, रिकामी करा, मी अर्ध्यावरच.

बेनीच्या गवताळ, दलदलीच्या मुलखातल्या आमच्या धावपट्टीवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला दुरुस्तीला पाठवलं असतं तर विमान महिनाभर बसून राहिलं असतं, आणि कुरणांवर कापलेल्या गुरांचं मांस सडलं असतं. म्हणून फानोर मेकॅनिकनं बांबूची काठी करून तिला खाचा पाडल्या. ती टाकीत बुडवायची, ओल कुठवर आली ते पाहायचं. फानोर स्वतःच मोजायचा आणि वैमानिकाला ओरडून सांगायचा, "पुरेल, जा!"

जुलैत तो जत्रेला गावी गेला. मागे राहिलेल्यांनी धावपट्टीवरच जत्रा केली. मांस भाजायला लांब सळई मिळेना, तेव्हा तुकडे त्या काठीवर ओवले. पेट्रोलचा वास आला असणार; पण मक्याची आंबवलेली दारू, चिचा, पोटात गेल्यावर कोण तक्रार करतो? काठी जळून गेली.

सकाळी नवी वैमानिक नेल्बा मेल्गार आली. नोकरीचा चौथा दिवस. तिनं माझ्याकडे पाहिलं. अर्धी टाकी. ती उडाली.

वाटेतच इंधन संपून इंजिन बंद पडलं. दलदलीत उतरताना तिचं खांद्याचं हाड मोडलं. आता परवानाही जाणार होता.

चौकशीत मला टेबलावर ठेवलं. तारा तुटलेल्या, खाली टाकी नाही.

"काटा अर्ध्यावर आहे," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे इंधन होतं."

"टाकी कोरडी होती, साहेब," नेल्बा म्हणाली.

"मग काठी का नाही बुडवलीस, पोरी?"

"कुठली काठी? मला कुणी सांगितलंच नाही."

"सगळ्यांना ठाऊक असतं ते," विमानाचे मालक म्हणाले. "काट्याबद्दल आजवर एकाही वैमानिकाची तक्रार नाही."

कोपऱ्यातून फानोर उठला. "साहेब, त्याला आत्ता कुठली टाकी जोडलीय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सुटलो. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी दिली.

निकाल लागला: इंधन पुरेसं होतं, आणि काठी बुडवून ते न पाहिल्याबद्दल वैमानिक दोषी. परवाना रद्द. माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'पुरावा सुस्थितीत'. तेवढ्या चिठ्ठीवर मला दुसऱ्या विमानात बसवलं.

नेल्बा आता धावपट्टीच्या कुंपणाशी बसून बांबूला खाचा पाडते. उडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काठी देते. "काट्याकडे बघू नकोस हं, दादा," म्हणते.

कुणी हसतं, कुणी घेतं. आज चढलेल्या वैमानिकानं काठी घेतली नाही. तो माझ्याकडे बघतोय, समाधानानं मान डोलावतोय.

अरे बाबा, खाली उतर. ती अजून कुंपणाशीच आहे.