निम्म्या पुलावरचा तालुका

भीमा नदी वाहते ती शिरूर आणि दौंड हे दोन तालुके वेगळे ठेवण्यासाठी, असं सरकारचं मत आहे. नदीला तसं कुणी विचारलेलं नाही.

मळवाडी दौंडच्या काठावर. तिथली तरणी माणसं रोज पूल ओलांडून रांजणगावच्या कारखान्यांत जातात. लेकी पलीकडे दिलेल्या, सुना पलीकडून आणलेल्या, दाढीसुद्धा पलीकडच्या दुकानात. दौंडला माणूस जातो तो दाखला काढायला, नाहीतर रेल्वे धरायला.

सर्जेरावांची सून प्रांजल अशाच एका कारखान्यात वायरी जोडायच्या कामाला होती. मुलगा सत्यजीत तिला मोटरसायकलवर सोडायचा. आता तिला पाचवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी मोटरसायकल बंद केली. नोकरी सोडायला ती तयार नव्हती. सत्यजीतनं कारखान्याजवळ कारेगावात खोली बघून ठेवली. कामगारांची नवी बस गावाला मिळाली तर इथंच राहायचं, नाहीतर एक तारखेला टेम्पो.

"बघा बाबा तुमच्या सोयीनं," एवढंच सर्जेराव म्हणाले. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात सकाळी दोनच आवाज असायचे, सुनेचा आणि कुकरचा. टेम्पोत दोन्ही जाणार होते.

बस कुणाला द्यायची हे ठरवायला सर्वेक्षण झालं होतं. कोणत्या गावातून किती माणसं कामाला कुठं जातात, ते मोजून रांजणगावचा पट्टा आखला गेला; पट्ट्यातल्या गावांनाच बस. नकाशावर त्याचा हिरवा रंग शेतं, वस्त्या तुडवत नदीपर्यंत आला आणि पोहता येत नसल्यासारखा काठावर थांबला. मळवाडी कोरी राहिली.

सर्जेराव धोतर बदलून दौंडच्या कचेरीत गेले. तिथं मोनाली मॅडम होत्या. वयानं लहान, टेबलावर फायली मोठ्या.

"मॅडम, निम्मं गाव पल्याड कामाला जातंय. आन् नकाशात आमी न्हाई."

"आजोबा, माहिती तालुक्याप्रमाणे गोळा केली. त्यांचा पट्टा त्यांनी आखला, आपला आपण. तालुक्याबाहेर जाणारे सगळे 'इतरत्र'मध्ये टाकले." त्यांनी संगणकात बघितलं. "आणि मळवाडीतून इतरत्र जाणारेही कमीच दिसतायत. बहुतेकांचं काम गावातच आहे."

सर्जेरावांना तो दिवस आठवला. सर्वेक्षणाचा माणूस ओट्यावर येऊन बसला तेव्हा चहा त्यांनीच पाजला होता. घरातली माणसं कामाला बाहेरगावी जातात का, असं त्यानं विचारलं. "बाहेर कशाला, हितंच जात्यात की," असं ते अभिमानानं म्हणाले होते. सगळ्या आळीनं तेच सांगितलं. पूल ओलांडण्याला मळवाडीत बाहेर जाणं म्हणतच नाहीत. बाहेर म्हणजे पुणं.

"तुमी कुठल्या, मॅडम?"

"शिरूरची. रोज जाऊन-येऊन करते."

"म्हंजी तुमी बी इतरत्रच."

मॅडमना हसू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "हद्द हलवणं माझ्या हातात नाही, आजोबा. पण पुलाचं पलीकडचं टोक शिरूरमध्ये येतं. तिथं थांबा द्या म्हणून कळवते त्यांना."

थांबा मिळाला. बस येऊ लागली आणि दौंड तालुक्याकडे पाठ करून वळू लागली.

सत्यजीतला हे पटेना. "आबा, रोज सकाळी एवढं चालायचं तिनं? खोलीच बरी."

"एक दिवस चालून बघते," प्रांजल म्हणाली. "मग ठरवू."

सत्यजीतची रात्रपाळी. त्यामुळे सोडायला निघाले सर्जेराव, हातात सुनेचा डबा. सासऱ्याच्या बरोबरीनं सुनेनं चालायचं नाही अशी गावाची रीत. ते चार पावलं पुढे, ती डोक्यावरून ओढणी घेऊन मागे. पारावरची मंडळी बघत होती. पुलावर उसाच्या ट्रॉल्या अंगाला घासून जात होत्या, आणि सर्जेराव दर थोड्या वेळानं वळून बघत होते.

पुलाच्या मध्यावर कठड्याला 'शिरूर तालुका' अशी पाटी होती. तिथं ते थांबले.

"पोरी, तालुका बदलला. आता कोन वळखतंय आपल्याला. ये बरोबरीनं."

प्रांजलनं मागं वळून पारावरची मंडळी लांब राहिल्याची खात्री केली. ओढणी खांद्यावर घेतली आणि त्यांच्या शेजारी आली. ट्रॉल्यांच्या बाजूला सर्जेराव झाले.

"मान अवघडली असंल, आबा."

"मानंचं काय न्हाई. तू मागं व्हतीस म्हनून दोन ट्रॉलीवाल्यांना शिव्या द्यायच्या ऱ्हायल्या."

"मग द्या की आता. इथं चालतंय."

"आता ते दोगं गेलं फुडं. उगं हवेत दिऊ का?"

ती हसली. मग मुलगा झाला तर काय नाव, मुलगी झाली तर काय, कारखान्यातल्या कॅन्टीनची आमटी किती पातळ, असं तिनं एवढं सांगितलं, की लग्न होऊन आल्यापासून सर्जेरावांनी तिचं एवढं ऐकलं नव्हतं. घरात आवाज व्हायचा तो कुकरचाच, ती फार बोलत नव्हती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

बस उभी होती. त्यांनी डबा दिला.

"पाय दुखले का?" त्यांनी विचारलं. खरं विचारायचं होतं ते दुसरंच.

"थोडे." पायरीवर चढून ती वळली. "आबा, ह्यांना उठल्यावर सांगा, खोलीवाल्याला नाही म्हणून कळवा."

सर्जेरावांनी उगाच नदीकडे बघितलं. "संध्याकाळी कवा येऊ?"

"सहाला. आणि त्या पाटीपाशी नका थांबू. इथपर्यंत या."