झाकलेला आकडा

विश्व किती वेगाने पसरतंय या एका आकड्यावरून तिच्या बाबांनी आणि त्यांच्या जिवलग मित्राने, म्हणजे काकांनी, एकमेकांचं तोंड पाहायचं सोडलं. बाबा फुटणाऱ्या ताऱ्यांवरून मोजायचे, त्यांचा आकडा त्र्याहत्तर. काका विश्वाच्या बाल्यातल्या प्रकाशावरून मोजायचे, त्यांचा सदुसष्ट. "तुझी पट्टीच खोटी," असं बाबा भर सभेत म्हणाले आणि सगळं संपलं. शहाण्यांची भांडणं अडाण्यांपेक्षा जास्त टिकतात, कारण त्यांना पुरावे मिळत राहतात.

तिच्या हाती तिसरी वाट आली. मधल्या एका दीर्घिकेने प्रकाश वाकवल्यामुळे एकाच ताऱ्याचा स्फोट पुन्हा पुन्हा, मागेपुढे दिसला होता. त्या उशिरावरून आकडा निघणार होता. पण माणूस हवं तेच शोधतो, म्हणून संगणक खऱ्या आकड्यात एक गुप्त संख्या मिसळून ठेवायचा, म्हणजे खरा आकडा कुणालाच दिसायचा नाही. सगळ्या तपासण्या झाल्या की सगळ्यांसमोर झाकण काढायचं, असा दंडक होता. झाकण काढायची कळ तिच्या ताब्यात होती.

आणि बाबा रुग्णालयात. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"एकदा बघ ना गं," ते दुपारी म्हणाले. "मी कुणाला सांगणार? यमाला?"

"बाबा, नियम तुम्हीच शिकवलात."

"तेव्हा मी धडधाकट होतो."

"काकांना बोलावू का?"

"आधी आकडा. मग तो."

लॅपटॉप तिच्या मांडीवरच होता. तिने तो मिटला. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग तपासणीत एक चूक सापडली, झाकण काढणं लांबलं. बाबा तेवढे थांबले नाहीत.

झाकण काढायच्या दिवशी काका आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. तिने कळ दाबली. पडद्यावर सत्तर उमटला आणि त्याभोवती, चूक किती असू शकते ते दाखवणारा रुंद पट्टा. सदुसष्टच्या खालून त्र्याहत्तरच्या वर गेलेला.

"हात्तिच्या!" कुणीतरी म्हणालं.

काका काठी टेकत पुढे आले. "म्हणजे निकाल काय?"

"निकाल नाहीच, काका. तुम्ही दोघंही बसता यात."

तिला नियमाचा, बाबांचा, स्वतःचा मनापासून राग आला. "आकडा कळला की तुम्हाला बोलावणार होते बाबा," ती म्हणाली.

काका खुर्ची शोधत खाली बसले.

"मी आलो होतो गं त्याच्या खोलीच्या दारापर्यंत," ते म्हणाले. "म्हटलं, आकडा कळू दे, मग आत जाईन."