धुरपदाची घरगाडी

कासुर्डीहून निघाल्यापासून धुरपदाचा जीव थाऱ्यावर नव्हता. चौफुल्याला वळून गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली तरी ती सारखी पुढं-मागं सरकून बसत होती, पदर सारखा करत होती. गाडी चालवता चालवता तिच्या नवऱ्यानं, हौशीरामनं दोनदा विचारलं, "थांबायचं का?"

"चला तुम्ही."

दोन वर्षांपूर्वी तिच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पोटाला पिशवी लावून दिली. शौचाची वाट आता तीच. पिशवी कधी भरेल याला काळवेळ नव्हता. भरली की पाणी हवं, आडोसा हवा, पंधरा-वीस मिनिटं हवीत. घरच्या न्हाणीघरात तिनं सगळं हाताशी मांडून ठेवलं होतं. पण घर सोडून ती यवतच्या दवाखान्यापलीकडं गेली नव्हती. सख्ख्या पुतण्याचं लग्नसुद्धा तिनं मोबाईलवर बघितलं.

तिची थोरली बहीण विठाबाई, तिची अक्का, टेंभुर्णीला होती. आई लवकर गेली तेव्हा धुरपदाला तिनंच वाढवलं. मागच्या वर्षी विठाबाईचं एक अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. भाचा तिच्या कानाला फोन लावायचा. धुरपदा बोलत राहायची, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. फोन ठेवला की ती घरभर फिरायची. घासलेली भांडी पुन्हा घासायची. वाळलेलं लुगडं काढून परत दोरीवर टाकायची.

हे बघून बघून हौशीरामची झोप उडाली होती. फुलांचा मळा आता ईश्वर, त्यांचा मुलगा, सांभाळत होता; हौशीरामच्या हाताला काम नव्हतं. एक दिवस त्यानं मोबाईलवर घरगाडी बघितली. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. "आपलं न्हाणीघरच संगं न्यायचं," तो म्हणाला. शिरूरजवळच्या एका कारखान्यात अशा गाड्या बांधून मिळतात हे त्यानंच शोधून काढलं. ऑर्डर द्यायच्या आधी तिनं एकदा डोळ्यांनी बघावी, म्हणून दोघं निघाली होती.

कारखान्यात पूनम नावाची मुलगी त्यांना घ्यायला आली. गाड्यांची आतली रचना तीच करायची. दाखवायला ठेवलेल्या गाडीत तिनं सोफ्याचा पलंग करून दाखवला, टीव्ही लावला, छताचे दिवे निळे-जांभळे केले. हौशीराम एकेक बटण दाबून बघत होता. धुरपदानं सोफ्याकडं बघितलंच नाही.

"न्हाणीघर कुठंय, बाई?"

पूनमनं मागचं अरुंद दार उघडलं. आत सगळं पांढरंशुभ्र. धुरपदानं नळ फिरवला. पाणी आलं नाही. तिनं उलटा फिरवून बघितला.

"ही डिस्प्लेची गाडी आहे, मावशी. हिला कनेक्शन नसतं."

धुरपदाचा हात नळावरच राहिला. मग ती हळू म्हणाली, "मला आत्ता लागंल."

पूनम तिला कामगार बायकांच्या संडासाकडं घेऊन गेली. जेवणाची सुट्टी झालेली, दारात पाच-सहा जणी उभ्या. धुरपदा तिथूनच मागं फिरली. भिंतीशी उभं राहून तिनं पूनमला पिशवीचं सांगितलं. नवऱ्याशिवाय कुणाला ते तोंडानं सांगायची तिची पहिलीच वेळ. पूनमनं तोंडदेखली हळहळ केली नाही. "या माझ्याबरोबर," म्हणून ती शेजारच्या शेडकडं चालू लागली.

तिथं कुणा गिऱ्हाइकाची तयार गाडी उभी होती. दोन कामगार टाकीत पाणी भरून पाइप गळतात का ते बघत होते.

"मैडम, पानी का टेस्ट चालू है," एकजण म्हणाला.

"टेस्टच करायचीये. तुम लोग बाहर जाओ."

धुरपदा आत गेली. दाराची कडी लागली.

हौशीराम शेडमध्ये येरझाऱ्या घालू लागला. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तो धावत दाराशी गेला, पण कामगार बघत होते म्हणून हाक न मारता मागं फिरला. पाण्याचा आवाज थांबला. पुन्हा आला. वीस मिनिटं झाली. इतक्या लांब हिला आणायलाच नको होतं, असं त्याला वाटायला लागलं. ईश्वर तेच म्हणाला होता.

दार उघडलं. धुरपदाचं तोंड घामानं भिजलं होतं आणि लुगड्याचा काठ ओला होता.

"बरं हाय न्हवं?"

"न्हाई," ती म्हणाली आणि पूनमकडं वळली. "बाई, हे कुणी बांधलं?"

"डिझाईन माझं आहे."

"सामान ठेवायला फळी न्हाई. माझी पिशवी खाली पडली. आरसा येवढा वर, मला माझं कपाळ दिसतंय, पोट कसं दिसावं? नळ हितं पायजे, कमरंला. आन् दार आत उघडतंय. उद्या आत कुणी पडलं, तर बाहेरच्यानं कसं उघडायचं?"

पूनमनं खिशातून खडू काढला आणि तिथंच जमिनीवर न्हाणीघराचा चौकोन आखला. धुरपदा एक स्टूल ओढून त्यात बसली. हात लांबवून फळी कुठं, नळ कुठं ते दाखवू लागली. पूनम रेघा पुसून नव्या काढत होती.

"मावशी, एवढं बसवायचं तर फूटभर जागा कमी पडते."

"तो टीव्ही काढा. भिंत तिकडं सरकवा."

हौशीराम खडूच्या रेघेबाहेर सरकून उभा राहिला.

"कवा मिळंल?" धुरपदानं विचारलं.

"पाच महिने लागतील. आरटीओचं पासिंग धरून."

धुरपदा स्टुलावरून उठली. "पाच महिने," ती स्वतःशीच म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "सही करा. चांगली हुईल गाडी."

सही झाली. परत येताना ती सारखी खिडकीची काच खाली करी, वर करी. तिला काही आवडलं नाही की काय, हे हौशीरामला कळेना. चौफुला आला. कासुर्डीला जायला उजवीकडं वळायचं होतं. त्यानं उजवा दिवा लावला.

"डावीकडं घ्या," ती म्हणाली.

"का?"

"टेंभुर्णीला जायचंय."

त्यानं गाडी कडेला घेतली. "अगं, कपडं न्हाईत, तुझ्या गोळ्या न्हाईत. वाटंत लागलं तर?"

"सकाळी लागलंच की. मेले का मी? दोन पिशव्या हायेत माझ्याकडं. पाण्याच्या चार बाटल्या घ्या आन् एक टॉवेल घ्या."

"गाडी आल्यावर जाऊ ना निवांत."

"पाच महिने थांबशील का, असं अक्काला कुणी इचारलंय?"

हौशीराम बाटल्या आणायला उतरला.

भिगवणच्या पुढं लागलंच. उसाच्या कडेला गाडी उभी करून त्यानं खिडकीला टॉवेल लावला आणि पाठ करून उभा राहिला. मागच्या सीटवर तिची त्रेधा उडाली. पाणी सांडलं, लुगडं खराब झालं. इंदापुरात त्यानं दुकानातून हाताला लागलं ते पातळ घेतलं. ते भडक हिरवं निघालं. ती तेच नेसली.

टेंभुर्णीत पोचायला दिवस मावळला. विठाबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिनं धुरपदाकडं बघितलं, मग त्या पातळाकडं बघितलं, आणि चांगल्या हातानं पदराला चिमटीत धरून कापड चाचपलं. तिचं अर्धं तोंड हसलं.

"ह्यांनी घेतलं," धुरपदा म्हणाली. "बघ की कसला रंग." आणि ती खाटेच्या कडेला बसून रडू लागली.

तिथं ती चार दिवस राहिली. हौशीराम दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन तिचं सामान घेऊन आला.

घरगाडी साडेपाच महिन्यांनी आली. दार बाहेर उघडणारं होतं, नळ कमरेला होता. तोवर धुरपदा आणखी तीनदा टेंभुर्णीला जाऊन आली होती. त्यातल्या एका खेपेला इंदापूरच्या पुढं फार फजिती झाली होती. ती तिनं अजून कुणाला सांगितलेली नाही.