बाराच्या पुढचा घास

दोघी जावा. थोरली वृद्धाश्रमात आठ ते बारा कामाला, धाकटी बारा ते चार. दोघी अर्धवेळ, महिन्याच्या ठोक पगारावर. महिना अठ्ठावीस दिवसांचा असो की एकतीस, पाकीट तेवढंच जाड, म्हणजे तेवढंच पातळ.

पण माणसांची भूक काही कागदावरच्या रेघेवर थांबत नाही. आश्रमात अकरा खाटा. त्यांतल्या सात जणांना हाताने भरवावं लागे, आणि जेवणाची वेळ साडेअकरा ते दीड. एकटीने भरवायचं तर सातव्या तोंडाशी चमचा पोचेपर्यंत पहिलं तोंड पुन्हा भुकेजलेलं. म्हणून धाकटी दहालाच यायची आणि थोरली दोनला निघायची. सहा-सहा तास झाले. हजेरीपटावर मात्र दोघी सहा वर्षं बाराचाच आकडा घालत आल्या, एक गेल्याचा, एक आल्याचा. आश्रमाच्या व्यवस्थापक मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नेमून दिलेलीच वेळ लिहायची हं, नाहीतर वर गोंधळ होतो."

मॅडम कधी आवाज चढवायच्या नाहीत. दोघींनी आपसात त्यांचं नाव साखरबाई ठेवलं होतं.

धाकटीच्या घरी तिची आई होती. माणसं विसरलेली, गाव विसरलेली, स्वतःचं नाव विसरलेली. आठवणीत राहिला होता तो फक्त लेकीचा हात. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ओठ मिटायची ती मिटायचीच. सकाळी नऊला खाल्लेलं, त्यानंतर लेक साडेचारला घरी येईपर्यंत पोटात काही नाही. म्हातारी दिवसेंदिवस वाळत चालली होती. मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत चढायची.

"मी इथे परक्यांच्या आयांना भरवते, आणि माझी आई तिकडे कुलपाआड दाराकडे बघत बसते," धाकटी म्हणाली. "जाऊबाई, अर्ज करू या. सहा तासांचं काम तर सहा तासांचा पगार. नाहीतर चार तास म्हणजे चारच."

"पगार वाढवतील असं वाटतं तुला?"

"नाही वाढवणार. मला पगार नकोच आहे. मला ते वरचे दोन तास हवे आहेत."

थोरलीने अर्जावर सही केली.

मॅडमनी अर्ज वाचला आणि मान डोलावली. "अगदी बरोबर आहे तुमचं. उद्यापासून बाराला एकीने जायचं, बाराला एकीने यायचं. मिनिटभरही इकडेतिकडे नको."

"आणि जेवणं?" थोरलीने विचारलं.

"ते तुम्ही बघा. तुमच्याच मागणीप्रमाणे झालंय ना?"

बाहेर आल्यावर धाकटीने थोरलीचा दंड धरला. "फक्त रविवारपर्यंत दात आवळून धरा. रविवारी घरचे लोक भेटायला येतात. भरलेली ताटं परत जाताना बघतील, आरडाओरडा करतील. मग तिसरी बाई ठेवतातच की नाही बघा. पण त्याआधी तुम्ही पाघळलात तर आपलं सगळं संपलं."

"पाघळते कशाला? मी काय मेणाची आहे?"

बुधवारी बाराला थोरली निघाली. दोघांचं झालं होतं, पाच जणांची ताटं झाकलेली. गुरुवारीही तसंच. काचेच्या खोलीतून मॅडम बघत राहिल्या आणि चहा पीत राहिल्या. तिकडे धाकटीच्या घरी म्हातारीने दोन दिवस अकराला लेकीच्या हातून पोटभर पेज खाल्ली. दुसऱ्या दिवशी तर तिने वाटी चाटली.

शुक्रवारी थोरलीने बाराला हात धुतले, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे वळली. शेवटच्या खाटेवर मास्तरीणबाई होत्या. अर्धं तोंड लुळं पडलेलं, एक वाटी संपायला तास घेणाऱ्या. दोन दिवस त्यांच्या वाट्याला धाकटीच्या घाईतले चार-पाच घासच आले होते. हाक मारण्यापुरतीही वाचा उरली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं, घरट्यातल्या पिलासारखं.

थोरली दारात थांबली. मग पिशवी खाली ठेवली.

सावकाश गिळा बाई, घास नाही पळायचा,
हात माझा दमला तरी, जीव नाही ढळायचा.

असं गुणगुणत तिने वाटी संपवली. एक झाली, दुसरी झाली, तिसरीही झाली. तोवर दोन वाजले. धाकटी समोरच्या खाटेपाशी भरवत होती, थोरलीकडे पाठ करून. मॅडम मात्र हसत आल्या आणि मोबाइलवर एक फोटो काढून गेल्या.

रविवारी तो फोटो दारातल्या फळ्यावर लागला. खाली सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'वेळ संपली तरी माया संपत नाही.' घरची माणसं थांबून वाचत होती. मास्तरीणबाईंच्या मुलाचे डोळे भरून आले. शनिवारसारखी त्या दिवशीही थोरली दोनपर्यंत थांबली होती, एकाही ताटात अन्न उरलेलं नव्हतं. कुणी ओरडलं नाही.

सोमवारी मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. 'आम्ही स्वखुशीने जास्त वेळ थांबतो. त्याचा मोबदला मागणार नाही.'

"थोरल्या बाई थांबल्याच आहेत," त्या धाकटीला म्हणाल्या. "तुमची खुशी नसेल तर सांगा. काम मागायला दाराबाहेर माणसं उभी असतात हो."

धाकटीने सही केली.

व्हरांड्यात थोरली म्हणाली, "अगं, बघवलं नाही मला. मी आजपासून दोनला तुझ्या घरी जाते. तुझ्या आईला भरवते. किल्ली दे."

"फुकटच ना?" धाकटी म्हणाली. "तुमच्या हाताला तीच सवय. घ्या किल्ली. जाऊन या."

थोरली गेली. पेज गरम केली, उशाशी बसली, चमचा फुंकून पुढे धरला. म्हातारीने चमच्याकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटले. थोरलीने गाणं म्हटलं. गालावर बोट फिरवलं. खोटंही बोलली, "मीच तुमची लेक, आई."

म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"लेक कामाला गेली आहे," ती भिंतीला म्हणाली. "तिची तिथली माणसं उपाशी असतात."

थोरलीने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते. पेजेवर साय धरू लागली होती.